भाजलेला दात आणि बोअरचे पाणी

राख सावडताना हाताला लागणाऱ्या तुकड्यांत दात चटकन ओळखू येतो. बरगड्या भुगा होऊन राखेत मिसळलेल्या असतात, कवटीचेही तुकडे झालेले असतात, पण एखाद्या दाढेचे मूळ अजून आपला आकार धरून असते. त्यामुळे आगीतूनही दात जसाच्या तसा राहतो, असा समज सर्वत्र आहे. आकारापुरता तो बराचसा खरा आहे. रसायन पाहिले तर मात्र तोंडातला दात आणि सरणावरून निघालेला दात हे दोन वेगळे पदार्थ ठरतात. आगीने त्यातले पाणी नेलेले असते, प्रथिन जाळलेले असते, कार्बोनेट हाकलून दिलेले असते आणि उरलेल्या खनिजाची मांडणी नव्याने केलेली असते. हा बदल किती झाला, हे आच किती होती, किती वेळ होती आणि हवा किती मिळाली यांवर ठरते. या तीन गोष्टींचा अभ्यास जगभर गेली कित्येक दशके चालू आहे. माझे म्हणणे चौथ्या गोष्टीबद्दल आहे. लहानपणी त्या माणसाने कोणत्या जमिनीतले पाणी प्यायले, यावरही तापलेल्या दाताचे वाचन अवलंबून असते. परक्या मुलखातल्या दातांवरून तयार केलेला तक्ता म्हणूनच आपल्या दातांना डोळे मिटून लावता येणार नाही. हा तक्ता आपला आपण करायचा, तर त्यासाठी नांदेड आणि लातूर यांच्याइतकी योग्य जोडी महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे.

आधी दात म्हणजे काय ते पाहू. वरचे पांढरे, टणक कवच म्हणजे एनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, उरलेले पाणी आणि थोडेसे प्रथिन. शरीरात याहून कठीण काही नाही. त्याच्या आतला डेंटीन हा थर हाडाचा जवळचा नातलग आहे. त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ आणि १० टक्के पाणी असते. सेंद्रिय भागात बहुतेक सगळे कोलॅजन असते, म्हणजे कातडीत आणि हाडात असते तेच चिवट प्रथिन. मुळावर सिमेंटमचा पातळ लेप असतो आणि त्यात खनिज याहून कमी. तिन्ही थरांचे खनिज एकाच घराण्यातले, हायड्रॉक्सिॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, यांची ही जाळी. पुस्तकातले हायड्रॉक्सिॲपेटाइट शुद्ध असते, दातातले कधीच नसते. काही फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट बसलेले असते, काही हायड्रॉक्सिलच्या जागीही कार्बोनेट घुसते, आणि कुठे फ्लोराइड, कुठे मॅग्नेशियम, कुठे सोडियम येऊन बसते. एनॅमलमध्ये कार्बोनेट वजनाने तीन-चार टक्के असते, डेंटीनमध्ये त्याहून जास्त. या पाहुण्या अणूंमुळेच दात आपल्या कामाचा होतो, आणि आग लागली की खनिजातला पहिला फटका यांच्यातल्याच काहींना बसतो.

हे सगळे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहायला अवरक्त किरण कामी येतात. रेणूंतले बंध सतत थरथरत असतात आणि प्रत्येक बंधाची थरथर ठरावीक असते. त्या थरथरीशी जुळणारा अवरक्त किरण पदार्थ शोषून घेतो, न जुळणारा सोडून देतो. कोणते किरण किती शोषले याचा आलेख काढला की पदार्थात कोणते बंध आहेत ते कळते. एका सेंटिमीटरात किती लहरी मावतात त्या आकड्याने, म्हणजे तरंगांकाने, या आलेखातल्या जागा सांगतात. दातातले फॉस्फेट १०२० ते ११०० च्या आसपास मोठे शिखर देते आणि ५६० ते ६०५ च्या दरम्यान दोन टोकांचे दुसरे. कार्बोनेट १४१० ते १४६० च्या पट्ट्यात आणि ८७२ च्या जवळ दिसते. कोलॅजनची खूण १६५० पाशी, हायड्रॉक्सिलची ३५७० आणि ६३० वर. हे मोजणारे एफटीआयआर नावाचे यंत्र आज बऱ्याच विद्यापीठांत आणि औषध कारखान्यांत असते आणि त्याला काही मिलिग्रॅम चूर्ण पुरते. दुसरी पद्धत रामन वर्णपटाची. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जाहीर केलेल्या त्याच परिणामावर ती उभी आहे. तिच्यात लेझरचा प्रकाश दातावर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजतात, आणि फॉस्फेट ९६० वर एकच उंच, धारदार शिखर देते. रामन पद्धतीत दात फोडावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ताज्या दातातले सेंद्रिय पदार्थ लेझरखाली स्वतःच चमकू लागतात आणि शिखरे त्या झगमगाटात बुडतात, हा दोष.

आता आच वाढवत नेऊ. साधारण २०० अंश सेल्सियसपर्यंत मुख्यतः पाणी जाते, तेही आधी सैल धरलेले आणि मग घट्ट धरलेले. आलेखात ३४०० च्या आसपासचा रुंद उंचवटा खचू लागतो. याच टप्प्यापासून डेंटीन आकसते. एनॅमलमध्ये पाणी कमी, म्हणून ते फारसे आकसत नाही. दोन थर वेगवेगळ्या मापाने आकसले की मधली सीमारेषा फाटते. जळालेल्या जबड्यात दातांचे शेंडे उडून गेलेले आणि मुळे जागेवर राहिलेली दिसतात, त्याचे कारण हे आहे. तीनशेच्या पुढे कोलॅजन मोडू लागते, १६५० ची खूण बसत जाते आणि दात आधी तपकिरी, मग काळा होतो. हा काळा रंग कोळशाचा असतो, खनिजाचा नव्हे. पाचशे-सहाशेच्या दरम्यान कोळसाही जळून जाऊ लागतो, रंग राखाडी होतो आणि त्यात निळसर छटा येते. कार्बोनेट चारशेपासून आठशेपर्यंत हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. जाताना त्यातले काही फॉस्फेटच्या जागेवरून उठून हायड्रॉक्सिलच्या जागेवर बसते, म्हणून आलेखातली कार्बोनेटची शिखरे नुसती लहान होत नाहीत, सरकतातही. सहाशेच्या पुढे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि फॉस्फेटची शिखरे अरुंद, टोकदार होतात. आठशेच्या आसपास आणि पुढे दात पांढरा पडतो. ॲपेटाइटचा काही भाग मोडून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे वेगळेच खनिज तयार होते. एनॅमलच्या या प्रवासाचा पायाभूत आराखडा होलकोम्ब आणि यंग यांनी १९८० मध्ये मांडला. पॅट शिपमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भाजलेल्या हाडा-दातांचा रंग, पोत आणि स्फटिकरचना एकत्र तपासली आणि नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही हे दाखवून दिले. कारण रंग आचेइतकाच हवेचा असतो. कुंभाराच्या आव्यात एकाच मातीचे मडके हवा कोंडली तर काळे आणि मोकळी मिळाली तर तांबडे निघते, तसेच दाताचे. मातीखाली दबलेला दात सातशे अंशांनाही काळा राहू शकतो.

रंग दगा देतो म्हणून शास्त्रज्ञ आकड्याकडे वळले. सर्वांत प्रचलित आकडा ५६५ आणि ६०५ वरच्या फॉस्फेटच्या दोन शिखरांवरून निघतो. दोन्हींची उंची मिळवायची आणि मधल्या दरीच्या उंचीने भागायचे. स्फटिक मोठे आणि सुबक झाले की शिखरे एकमेकांपासून दूर होतात, दरी खोल जाते, आकडा वाढतो. ताज्या हाडात तो साधारण अडीच ते तीन येतो, चांगल्या भाजलेल्या हाडात चारच्या पुढे जातो. वाचताना हे फार सोपे वाटते आणि धोका तिथेच आहे. एनॅमलचे स्फटिक मुळातच मोठे, म्हणून न भाजलेल्या एनॅमलचा आकडाही हाडापेक्षा वरून सुरू होतो. फार मोठ्या आचेला दुसरी खनिजे तयार झाली की तोच आकडा पुन्हा खाली येतो, म्हणजे एका आकड्याला दोन तापमाने जुळू शकतात. नमुना खलात किती बारीक घोटला त्यावरही तो हलतो. पोटॅशियम ब्रोमाइडच्या टिकलीतून घेतलेला आलेख आणि चूर्ण थेट स्फटिकावर दाबून घेतलेला आलेख एकसारखे येत नाहीत. म्हणून गंभीर अभ्यासक एका आकड्यावर थांबत नाहीत. कार्बोनेट आणि फॉस्फेटचे गुणोत्तर, कोलॅजनची खूण आणि हायड्रॉक्सिलचे ६३० चे शिखर अशा तीन-चार खुणा एकत्र वाचून ते तापमानाचा पट्टा सांगतात.

ही सगळी खटपट कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. दंतवैद्यकापुरते उत्तर थोडक्यात देतो. ड्रिल, लेझर आणि फिलिंग घट्ट करणारा दिवा या सगळ्यांनी दात तापतो. माकडांवरच्या १९६५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात झॅक आणि कोहेन यांना आढळले, की आतल्या मज्जेचे तापमान ५.५ अंशांनी वाढले तरी १५ टक्के दातांची मज्जा सावरली नाही. ड्रिलवर पाण्याची धार सोडतात ती यासाठी. उलट, एनॅमलच्या अगदी वरच्या पापुद्र्याला लेझरने क्षणभर खूप तापवले तर कार्बोनेट निघून जाते आणि तो पापुद्रा आम्लात कमी विरघळतो. दाताची कीड रोखायला याचा उपयोग होईल का, हा विचार फाउलर आणि कुरोडा यांच्या १९८६ च्या निबंधापासून चर्चेत आहे. न्यायवैद्यकाचा उपयोग याहून जुना. पॅरिसमधल्या बझार द ला शारिते या धर्मादाय बाजाराला ४ मे १८९७ रोजी आग लागली आणि शंभरावर माणसे, त्यातल्या बहुतेक स्त्रिया, जळून गेली. ज्यांचे मृतदेह ओळखू येत नव्हते त्यांच्यापैकी काहींची ओळख दंतवैद्यांनी दातांवरून पटवली. ऑस्कर आमोएदो यांनी त्यानंतर वर्षभरात न्यायवैद्यक दंतशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि या शाखेचा पाया घातला. तेव्हा दाताचा आकार आणि त्यातले सोने पाहत. आता दाताचे रसायन पाहता येते.

आणि इथे आपल्या भागाची जमीन या विषयात येते. लातूर जिल्हा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट भेदल्यावर आणि मधला गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर जुना, मूळचा खडक लागला. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, देगलूर, बिलोली, मुखेड, किनवट या बाजूला हाच जुना ग्रॅनाइटी खडक बेसॉल्टची चादर संपल्यामुळे उघडा पडतो. ग्रॅनाइटात फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजे बेसॉल्टपेक्षा जास्त असतात. पाणी त्या खडकाच्या भेगांत बराच काळ मुरले, त्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असले, की फ्लोराइड पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. किनवट आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कित्येक हापशांचे आणि बोअरचे पाणी ही मर्यादा ओलांडते, हे अनेक पाहण्यांत आले आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे खडूसारखे पांढरे पट्टे आणि पिवळे-तपकिरी डाग ही त्याची उघडी खूण. अक्कलदाढा सोडल्या तर पक्क्या दातांचे एनॅमल जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते, अक्कलदाढांचे त्यानंतरही. एकदा घडले की ते बदलत नाही. त्या वर्षांत पोटात गेलेले फ्लोराइड एनॅमलच्या जाळीत हायड्रॉक्सिलच्या जागी बसते ते कायमचे. आड आटले म्हणून बोअर, बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर, हा मराठवाड्यातल्या दुष्काळाचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतकी ही तहान खरी आहे. पाणी जितक्या खोलातून येते तितका त्याचा खडकाशी सहवास लांबलेला असतो. एकाच गावात आजोबांचे दात विहिरीच्या पाण्यावर आणि नातवाचे बोअरच्या पाण्यावर घडलेले असू शकतात, हे अभ्यासकाने विसरून चालणार नाही.

फ्लोराइडवाला दात तापवला तर काय होईल? फ्लोराइड हायड्रॉक्सिलपेक्षा आटोपशीर असल्याने जाळीत नेमके बसते. जाळी घट्ट आणि स्फटिक अधिक सुबक होतात. शुद्ध फ्लोरॅपेटाइट आगीत फार टिकाऊ असते. हायड्रॉक्सिॲपेटाइट मोठ्या आचेला हायड्रॉक्सिल गमावून मोडायला लागते. फ्लोरॅपेटाइटकडे गमवायला हायड्रॉक्सिलच नसते. आता वर सांगितलेल्या खुणा घ्या. स्फटिक आधीपासूनच सुबक असतील तर दोन शिखरांवरून काढलेला आकडा न भाजताही चढा येईल, आणि परीक्षक म्हणेल की या दाताला प्रत्यक्षापेक्षा जास्त आच लागली. ६३० वरचे शिखर मात्र हायड्रॉक्सिलचे. भाजल्यावर ते स्पष्ट होत जाते, म्हणून ते वाढलेल्या आचेची खूण मानतात. फ्लोराइडने ते दाबले गेले तर तोच परीक्षक म्हणेल की आच कमी होती. एकाच दाताच्या दोन खुणा विरुद्ध दिशांना ओढतील. त्यात तिसरी गुंतागुंत अशी, की फ्लोराइडच्या अतिरेकाने डागाळलेल्या, म्हणजे फ्लोरोसिस झालेल्या एनॅमलचा पृष्ठाखालचा भाग सच्छिद्र राहतो आणि घडणीच्या वेळी निघून जायला हवे होते ते प्रथिन त्यात जास्त उरते. म्हणजे असा दात लवकर काळवंडण्याची आणि वेगळ्या तऱ्हेने तडकण्याची शक्यता धरली पाहिजे. हे अनुमान रसायनाच्या नियमांवरून काढलेले आहे. ते किती अंशांनी खरे, हे भट्टीत दात ठेवूनच ठरेल.

यावर पहिला आक्षेप प्रमाणाचा. शुद्ध फ्लोरॅपेटाइटमध्ये वजनाने ३.८ टक्के फ्लोराइड असते, डागाळलेल्या दातातही ते त्याच्या अगदी थोड्या हिश्शाइतके. एवढ्याशाने आलेख कितीसा हलणार? आक्षेपात तथ्य आहे, आणि सगळा दात एकत्र कुटून चूर्ण केले तर फरक विरूनही जाईल. पण फ्लोराइड दातात सारखे पसरलेले नसते. ते एनॅमलच्या बाहेरच्या थरात एकवटते, आणि रामनचा लेझर मुख्यतः पृष्ठभागच वाचतो. दुसरे असे, की हायड्रॉक्सिल जाळीत रांगेने बसलेले असतात. रांगेत एक फ्लोराइड घुसले की त्याच्या दोन्ही बाजूंच्या हायड्रॉक्सिलची थरथर बदलते. ६३० च्या शिखरावरचा परिणाम म्हणूनच फ्लोराइडच्या वजनापेक्षा मोठा पडतो. शिवाय फरक खरोखरच नगण्य निघाला तर तेही उत्तरच आहे. मग बाहेरचा तक्ता इथे निर्धास्तपणे वापरता येईल. आज तो तपासल्याशिवाय वापरणे मला मान्य नाही.

पाण्याइतकाच आपल्याकडचा दुसरा धागा चुन्याचा. पान असो की तंबाखू, चुना लावल्या-मळल्याशिवाय ती तोंडात जात नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्याचे शिखर ८७३ वर, दातातल्या कार्बोनेटच्या जवळजवळ डोक्यावरच. दाताच्या खाचेत, हिरडीजवळच्या कठीण किटणात चुन्याचा अंश राहिला आणि तो खरवडून काढला नाही, तर कार्बोनेट भरपूर दिसेल. मग आग मंद होती, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सुटका सोपी आहे. चुन्याच्या कार्बोनेटचे आणखी एक शिखर ७१२ वर येते, दाताच्या कार्बोनेटचे येत नाही. ते दिसले की नमुना अशुद्ध समजावा आणि पुन्हा स्वच्छ करावा. कात आणि तंबाखूच्या डागांनी रामनच्या आलेखात चमक वाढते, तीही लक्षात ठेवावी लागते. परदेशी निबंधांत या गोष्टी सहसा सापडत नाहीत, कारण तिथल्या दातांना त्या लागलेल्या नसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. डीएनए असताना ही उठाठेव कशाला? माणूस कोण हे डीएनए सांगतो, दाताचे तापमान सांगून नाव कळत नाही. हे पूर्ण खरे आहे. किल्लारीच्या भूकंपाची आठवण इथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गणेश विसर्जनानंतरच्या झोपेत दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. इतक्या मृतदेहांना वेगवेगळा अग्नी देणे शक्य नव्हते, कित्येक ठिकाणी सामूहिक दहन करावे लागले. अशा राखेतून नंतर एकेकाची ओळख काढणे फार कठीण. आच काही शे अंशांवर टिकली की दातातलाही डीएनए मोडून जातो, आणि पांढऱ्या पडलेल्या दातात तो शोधणे बहुधा व्यर्थ असते. वर्णपटाची खरी मदत या जागी आहे. कोलॅजनची १६५० ची खूण टिकून असेल तर डीएनए मिळण्याची आशा आहे. ती पुरती गेली असेल तर महागडी तपासणी दुसऱ्या, कमी भाजलेल्या दातावर करावी. शेकडो दातांच्या ढिगातून कोणते दहा डीएनएसाठी पाठवायचे, हे काही मिनिटांत, काही मिलिग्रॅम चूर्णात ठरवता येणे ही लहान गोष्ट नाही. वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी तर मुळीच नाही. दोन पद्धती एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत, एक दुसरीची पायवाट आखते.

तिसरा आक्षेप भट्टी आणि आग यांतल्या अंतराचा. प्रयोगशाळेत एकेक दात मोजून-मापून तापवतात. सरणावर किंवा जळत्या घरात दात ओठ, गाल, जबड्याच्या आड असतो. पुढचे दात आधी उघडे पडतात, दाढा बराच वेळ झाकलेल्या राहतात, एकाच जबड्यात दोन-तीनशे अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय पाचशे अंशांवर तासभर राहिलेला दात आणि सहाशेवर दहा मिनिटे राहिलेला दात सारखे दिसू शकतात. दात आच आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब ठेवतो, त्यांची फोड करून देत नाही. हा आक्षेप मी जसाच्या तसा स्वीकारतो आणि त्यावरूनच एक मागणी करतो. न्यायालयापुढे जाणाऱ्या अहवालात ‘सहाशे पन्नास अंश’ असा सुटा आकडा कधीही लिहू नये. पट्टा लिहावा, दाताची जबड्यातली जागा लिहावी, हवा मिळाली होती की नाही याचा कयास लिहावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणे अपेक्षित आहे, आणि त्याची व्यवस्था करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पुरावा लपवण्यासाठी जाळलेल्या मृतदेहाच्या प्रकरणात ‘स्टोव्हचा भडका’ आणि ‘रॉकेल-पेट्रोल ओतून बराच वेळ पेटत ठेवलेली आग’ यांतला फरक दाताच्या रसायनावरून सुचवता येऊ शकतो. ज्या साक्षीवर कुणाचे आयुष्य अवलंबून असेल तिच्यात खोटी अचूकता घुसवणे हा अन्यायच आहे, मग तो आरोपीवर असो की गेलेल्या व्यक्तीवर.

हे काम करायला लागणारे सगळे इथे हाकेच्या अंतरावर आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र हे विभाग तिथे एकाच आवारात आहेत. दोन्ही जिल्ह्यांत दंत महाविद्यालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नांदेडला राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे केंद्र आहे. दंत महाविद्यालयांत हिरडीच्या रोगाने हललेल्या दाढा किंवा वाकड्या उगवलेल्या अक्कलदाढा रोज काढल्या जातात आणि जैव-कचऱ्यात जातात. रुग्णाची लेखी संमती घेऊन, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांप्रमाणे समितीची मंजुरी घेऊन, त्याच दाढा अभ्यासाला मिळू शकतात. सरणावरच्या अस्थींना हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. राख सावडणे हा कुटुंबाचा विधी आहे, तो प्रयोगशाळेचा पुरवठा नव्हे. लिंगायत आणि मुस्लिम कुटुंबांत दफन होते, तिथे तर हा प्रश्न आणखी नाजूक. काढलेल्या दाढांचीही मर्यादा आहे. त्या बहुधा वयस्कांच्या किंवा किडलेल्या असतात, आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्या तर कोलॅजनचे रसायन आधीच बदलते. म्हणून त्या निर्जंतुक पाण्यात किंवा गोठवून ठेवाव्यात, किडीचा भाग वगळावा, एनॅमल आणि डेंटीन वेगळे करूनच तापवावे.

देगलूर-किनवटकडचे ग्रॅनाइटाच्या पाण्यावर वाढलेले दात एका बाजूला, औसा-निलंग्याकडचे बेसॉल्टच्या पाण्यावर वाढलेले दात दुसऱ्या बाजूला. शंभर शंभर अंशांच्या पायऱ्यांनी, हवेत आणि कोंडलेल्या हवेत, दोन वेगवेगळ्या वेळा धरून ते तापवावेत. प्रत्येक पायरीला दोन्ही पद्धतींनी आलेख घ्यावा आणि न तापवलेल्या अर्ध्या भागातले फ्लोराइड स्वतंत्रपणे मोजावे. यात एक अट यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती पाळायला पैसा लागत नाही. दात ज्या बाटलीत ठेवतात तिच्या चिठ्ठीवर आज वय, लिंग आणि कोणता दात एवढेच लिहितात. त्यात तीन ओळींची भर घालावी: आठ वर्षांचा होईपर्यंत, आणि अक्कलदाढ असेल तर त्यानंतरच्या तिच्या घडणीच्या वर्षांतही, तो माणूस कोणत्या गावी राहिला, तिथे पिण्याचे पाणी आड, विहीर, हापसा, बोअर की नळ यांपैकी कशाचे होते, आणि तो चुना-तंबाखू खातो का. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल असेल तर वर्षातले किती महिने कुठल्या कारखान्याच्या फडात गेले, तेही विचारावे. कारण त्या महिन्यांचे पाणी गावचे नसते, आणि त्याचे एनॅमल तेव्हाही घडतच असते.